किंमत कोणी सांगायची?

१९५६ सालच्या ऑगस्ट महिन्यात सोव्हिएत सरकारने एक हुकूम काढला. सरकारी दुकानातून विकत घेतलेला पाव, पीठ, बटाटे असे खाद्यपदार्थ गुराढोरांना चारायला त्या हुकमाने मनाई केली. मनाई पुरली नाही, म्हणून १९६३ मध्ये या कृत्याला फौजदारी गुन्हा ठरवण्यात आले. पाव गाईला घातला म्हणून माणसाला तुरुंगात पाठवण्याची तरतूद एका महासत्तेला करावी लागली.

पाव चारणारी माणसे माजलेली नव्हती. शहरांच्या कडेला आणि खेड्यांत राहणारी ही साधी माणसे. घरामागे एखादी गाय किंवा दोन डुकरे पाळायची त्यांना मुभा होती. जनावरांचे खाद्य मिळत नसे. मिळाले तर महाग पडे. पाव मात्र दुकानात होता आणि त्याचा भाव सरकारने मुद्दाम कमी ठेवला होता. दूध आणि मांस यांना शेतकऱ्यांच्या खुल्या बाजारात चांगला पैसा येई. तेव्हा पावाचे डुकराच्या मांसात रूपांतर करणे हा सरळ हिशेब होता. धान्य पिकवायचे, दळायचे, मळायचे, कोळसा जाळून भाजायचे, गाडीतून दुकानात न्यायचे आणि शेवटी डुकरापुढे टाकायचे. एवढ्या सगळ्या श्रमांची नासाडी करणाऱ्या माणसाने किंमत बरोबर वाचली होती. किंमतच चुकीची लिहिलेली होती.

समाजवादी अर्थव्यवस्थेला बाजारभावाशिवाय साधनसामग्रीची वाटणी करता येते का, हा विसाव्या शतकातील अर्थशास्त्राचा एक मोठा वाद. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा वादाचा निकाल लागला, असे सर्रास मानले जाते. निकाल लागला हे मला मान्य आहे. पण तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचा लागला, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ‘बाजाराविना किंमत काढता येते का?’ हा एक प्रश्न आणि ‘काढलेली किंमत बोलून कोणी दाखवायची?’ हा दुसरा. माझ्या मते पहिल्याचे उत्तर सोव्हिएत भूमीवरच सापडले होते, आणि घात झाला तो दुसऱ्या प्रश्नावर. या लेखात तेवढेच मांडायचे आहे.

व्हिएन्नातील आव्हान

वादाची सुरुवात पहिल्या महायुद्धातून झाली. युद्धकाळात युरोपातल्या सरकारांनी पोलाद, कोळसा, धान्य यांची वाटणी थेट हुकमाने केली होती. व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ ओट्टो नॉयराथ यांनी या युद्धअर्थव्यवस्थेचा अभ्यास केला होता. जे तोफांसाठी करता येते ते घरांसाठी आणि शाळांसाठी का करता येऊ नये, हा त्यांचा सवाल होता. समाजवादात पैशाचा हिशेब नको. टन, मीटर, तास आणि माणसे यांची आकडेवारी समोर ठेवून समाजाने थेट वस्तुरूपात योजना आखावी, असे त्यांचे म्हणणे. १९१९ मध्ये बव्हेरियात त्यांना हा विचार अमलात आणण्यासाठी सरकारी पदही मिळाले. क्रांती चिरडली गेली आणि नॉयराथ तुरुंगात गेले.

त्यांना उत्तर त्याच शहरातून आले. लुडविग फॉन मीझेस यांचा समाजवादी समाजातील आर्थिक हिशेबावरचा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. समाजवाद वाईट आहे किंवा माणसे आळशी होतील, असली नेहमीची टीका त्यात मुख्य नव्हती. मीझेस यांचा मुद्दा हिशेबाचा होता. कालव्याला अस्तर करायचे आहे असे समजू. ते सिमेंटचे करायचे की दगडाचे? सिमेंटला कोळसा लागतो, दगडाला माणसे लागतात. तोच कोळसा रेल्वेलाही हवा आहे, तीच माणसे कापणीलाही हवी आहेत. कोळशाचे टन आणि माणसांचे दिवस यांची बेरीज-वजाबाकी कशी करायची? बाजारात प्रत्येकाला भाव असतो, म्हणून बेरीज होते. यंत्रे, जमिनी, खाणी या सगळ्यांचा मालक एकच, म्हणजे राज्य, असेल, तर त्यांची खरेदी-विक्री होणार नाही. खरेदी-विक्री नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून हिशेब नाही. नियोजनकर्ता कितीही सद्हेतूचा असो, तो अंधारात चाचपडत राहील.

मीझेस लिहीत होते त्याच सुमाराला रशियात प्रयोग चालू होता. यादवी युद्धाच्या धामधुमीत चलन मातीमोल झाले होते आणि बोल्शेविकांपैकी अनेकांना तो क्रांतीचा विजय वाटत होता. १९२० च्या अखेरीस शिधा, इंधन, घरभाडे यांचे पैसे घेणे बंद होत चालले. रुबलच्या जागी श्रमाचे एकक आणावे म्हणून ‘त्रेद’ नावाच्या मापाची चर्चा झाली. अर्थतज्ज्ञ स्त्रुमिलीन त्यात पुढे होते. पण शहरे ओस पडू लागली, शेतकऱ्याने पेरणी कमी केली, आणि मार्च १९२१ मध्ये लेनिन यांनी माघार घेऊन नवे आर्थिक धोरण आणले. बाजार परतला, पुढे स्थिर चलनही आले. म्हणजे पैशाशिवायची व्यवस्था पहिल्याच फेरीत बाद झाली. मात्र ‘गोसप्लान’, म्हणजे राज्य नियोजन समिती, स्थापन झाली तीही १९२१ मध्येच. तिचा खरा काळ १९२८ नंतर, पंचवार्षिक योजनांबरोबर सुरू झाला.

समीकरणे आणि माणसे

मीझेस यांना वैचारिक उत्तर देणाऱ्यांपाशी एक जुने हत्यार होते. इटालियन अर्थशास्त्रज्ञ एन्रिको बारोने यांनी १९०८ मध्येच दाखवले होते की सामूहिक मालकीच्या राज्यातील उत्पादनमंत्र्यालाही तीच समीकरणे सोडवावी लागतील जी बाजार नकळत सोडवतो. पोलिश समाजवादी ओस्कार लांगे यांनी १९३६-३७ मध्ये पुढचे पाऊल टाकले. नियोजन मंडळाने यंत्रसामग्रीचे भाव अंदाजाने जाहीर करावेत, कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी ते भाव धरून हिशेब करावेत. माल उरला तर मंडळाने भाव उतरवावा, तुटवडा पडला तर चढवावा. बाजारही असाच चाचपडत भाव शोधतो, मग मंडळाला ते का जमू नये? समाजवाद्यांना या प्रश्नाची जाणीव करून दिल्याबद्दल भावी समाजवादी राज्याने मीझेस यांचा पुतळा उभारावा, अशी कोपरखळीही लांगे यांनी मारून घेतली.

फ्रीडरिश हायेक यांनी याला दिलेले उत्तर १९४५ च्या निबंधात सर्वांत नेमके आले आहे. समीकरणे सोडवणे ही अडचण नाहीच, असे त्यांचे म्हणणे. समीकरणात घालायचे आकडे एका जागी कधी नसतातच. कोणते यंत्र कुरकुरते आहे, कोणती बोट अर्धी रिकामी जाते आहे, कुठल्या गोदामात काय पडून आहे, हे त्या त्या जागच्या माणसाला ठाऊक असते. हे ज्ञान फॉर्मवर भरून राजधानीला पाठवता येत नाही. किंमत ही या विखुरलेल्या ज्ञानाची तार आहे. जगात कुठेतरी कथील दुर्मिळ झाले तर ते का झाले हे कोणालाही कळावे लागत नाही. भाव चढतो आणि हजारो माणसे आपापल्या जागी कथील जपून वापरू लागतात.

लांगे अखेरपर्यंत हटले नाहीत. १९६५ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांनी लिहिले की आता संगणक आला आहे. समीकरणे त्यात घाला, उत्तर सेकंदाच्या आत मिळेल. बाजार हे इलेक्ट्रॉनिक युगापूर्वीचे गणनयंत्र आहे, असा त्यांचा रोख होता.

हा वाद व्हिएन्ना, लंडन आणि अमेरिकेतील विद्यापीठांत चालला. खरे नियोजन ज्या देशात चालू होते, तेथे मात्र निराळ्याच वाटेने एक उत्तर सापडत होते.

प्लायवूडचे गणित

लिओनिद कांतोरोविच हे लेनिनग्राडचे गणिती. जन्म १९१२ चा. अठराव्या वर्षी पदवी, विशीच्या सुरुवातीला प्राध्यापकी. १९३८ च्या सुमारास प्लायवूड उद्योगाच्या प्रयोगशाळेतली माणसे त्यांच्याकडे एक अडचण घेऊन आली. लाकडाचे ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढणारी आठ यंत्रे आहेत आणि लाकडाचे पाच प्रकार आहेत. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग वेगळा. कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड किती वेळ चालवले म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल?

प्रश्न किरकोळ दिसतो, पण शक्य जोडण्या मोजू गेले तर नेहमीच्या गणिताने तो हाताबाहेर जातो. कांतोरोविच यांना त्यातून जी पद्धत सापडली, तिची पुस्तिका १९३९ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने काढली. जग आज या शाखेला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणते. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी आपली पद्धत १९४७ मध्ये स्वतंत्रपणे शोधली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या पद्धतीचा आत्मा एका छोट्या उदाहरणात सांगता येतो. समजा कारखान्यात दोन यंत्रे आहेत आणि दारे व चौकटी करायच्या आहेत. एका दाराला एक चौकट. पहिले यंत्र दिवसाला ३० दारे किंवा ६० चौकटी करते. दुसरे ३० दारे किंवा ३० चौकटी. प्रत्येक यंत्राला दारे आणि चौकटी सारख्या संख्येने करायला सांगितले, तर पहिल्याचे २० संच होतात, दुसऱ्याचे १५, एकूण ३५. पण दुसऱ्या यंत्राला दिवसभर दारेच करू दिली आणि पहिल्याने एक तृतीयांश दिवस दारांना व बाकीचा चौकटींना दिला, तर ४० दारे आणि ४० चौकटी निघतात. यंत्रे तीच, दिवस तोच, पाच संच जास्त.

आता या उत्तम वाटणीच्या पोटात काय आहे ते पाहू. पहिल्या यंत्रावर एक दार जास्त करायचे तर दोन चौकटी सोडाव्या लागतात. म्हणजे या कारखान्यात एका दाराची किंमत दोन चौकटी. ही किंमत कोणी घासाघीस करून ठरवली नाही; योजना उत्तम झाली तेव्हा ती आपोआप बाहेर पडली. त्या किमतीने मोजले तर दोन्ही यंत्रांचा दिवस सारख्याच मोलाचा, वीस-वीस संचांचा, ठरतो. दुसरे यंत्र बंद पडले तर? ते एकटे पंधराच संच करू शकते, म्हणून नुकसान पंधराचे, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात उरलेले पहिले यंत्र वीसच संच देते. नुकसान वीस संचांचे होते. किंमत हे आधीच सांगत होती.

कांतोरोविच यांनी या आकड्यांना आधी ‘निर्णायक गुणक’ अशा अर्थाचे नाव दिले आणि पुढे ‘वस्तुनिष्ठपणे निर्धारित मूल्यांकने’ असे भारदस्त नाव दिले. याचा अर्थ दोन्ही पक्षांना अडचणीचा होता. बाजाराविना किंमत असूच शकत नाही, हे मीझेस यांचे विधान येथे ढळते. पण त्याच वेळी, समाजवादाला किमतीची गरज नाही ही जुन्या क्रांतिकारकांची समजूतही पुसली जाते. योजना जितकी चांगली तितकी तिच्यातली किंमत स्पष्ट. किंमत टाळायची तर योजना वाईट ठेवावी लागते.

न छापलेले पुस्तक

युद्धकाळात, १९४२ मध्ये, कांतोरोविच यांनी हा विचार एका कारखान्यापुरता न ठेवता सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेला लावून पुस्तक लिहिले. गोसप्लानला ते पटले नाही. पुस्तक छापून निघाले १९५९ मध्ये, सतरा वर्षांनी.

विरोधाचे कारण पोथीत होते. मार्क्सवादी सिद्धांतानुसार मूल्य श्रमातून येते. कांतोरोविच यांच्या हिशेबात सुपीक जमिनीला मोल येत होते, अडलेल्या यंत्राला मोल येत होते, वाट पाहण्याच्या काळालाही मोल येत होते. जमिनीचे मोल म्हणजे खंड आणि काळाचे मोल म्हणजे व्याज. खंड आणि व्याज हे तर शोषणाचे प्रकार! स्तालिनच्या काळात असे लिहिणे धोक्याचे होते. शिवाय हे शब्द नको म्हणून ते खर्च नाहीसे होत नव्हते. धरणाखाली बुडणारी जमीन हिशेबात फुकट धरली गेली आणि सपाट मैदानांतून अवाढव्य जलाशय पसरले. जमिनीला किंमत नव्हती, नुकसान मात्र होते.

स्तालिननंतर हवा बदलली. १९६५ मध्ये कांतोरोविच, नेम्चिनोव आणि नोवोझिलोव यांना लेनिन पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कांतोरोविच आणि अमेरिकेतले च्यालिंग कोपमन्स यांना अर्थशास्त्राचे नोबेल. त्यांची पद्धत अनेक ठिकाणी वापरली गेली. पण सगळ्या देशाचे भाव त्या पद्धतीने ठरले नाहीत. गोसप्लान शेवटपर्यंत ‘साहित्यताळेबंदां’वर चालले: इतके टन पोलाद येणार, इतके टन जाणार. रुबलमध्ये किंमती होत्या, पण त्या सरासरी खर्चावर ठराविक टक्के चढवून काढलेल्या आणि वर्षानुवर्षे गोठवलेल्या. काय बनवायचे हे त्या ठरवत नसत. आपल्या गटातील देशांशी व्यापार करताना तर १९५८ पासून भांडवलशाही जगातील भावच आधाराला घेतले जात. सारे जग समाजवादी झाले तरी एखादा देश भांडवलशाही ठेवावा लागेल, नाहीतर भाव कोणाला विचारायचे, हा त्या काळातला विनोद अगदीच निराधार नव्हता.

आकडा वर जाताना

पद्धत हाती असूनही ती का लागू झाली नाही? पोथी हे अर्धेच कारण आहे. उरलेल्यातले एक कारण हायेक यांच्या जवळचे आहे, पण तंतोतंत तेच नाही.

लेनिनग्राडच्या येगोरोव वॅगन कारखान्यात पत्रे कापण्याची उत्तम पद्धत कांतोरोविच यांच्या गणिताने बसवल्यानंतरचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. पत्र्याची नासाडी कमी झाली. पण कारखान्याला भंगार जमा करून देण्याचेही उद्दिष्ट होते. कातरण घटली म्हणून ते चुकले आणि व्यवस्थापनाला बोलणी खावी लागली. ‘क्रोकोडिल’ या सरकारमान्य विनोदी मासिकातले व्यंगचित्रही असेच गाजले: टनांत मोजलेले उद्दिष्ट पुरे करणारा खिळ्यांचा कारखाना, आणि त्याने केलेला एकच अजस्र खिळा. झुंबरे वजनावर मोजली जातात म्हणून कारखाने ती अवजड करतात, ही तक्रार खुद्द ख्रुश्चेव यांनी केली होती.

यात ज्ञान विखुरलेले आहे एवढीच अडचण नाही. खालच्या माणसाला ठाऊक असते. त्याने सांगायचे कशासाठी? कारखान्याची खरी क्षमता वर कळवली, तर पुढच्या वर्षी उद्दिष्ट तेवढे वाढते. म्हणून क्षमता कमी सांगायची, गरज जास्त सांगायची आणि पोलादाचा साठा कोपऱ्यात दडवून ठेवायचा. असे केले नाही तर आपल्या कामगारांचा बोनस जातो. अलेक नोव्ह या अभ्यासकाने १९८३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार सोव्हिएत अर्थव्यवस्थेत सुमारे १ कोटी २० लाख निरनिराळ्या वस्तू आणि जवळजवळ ५० हजार औद्योगिक आस्थापना होत्या. इतक्या मोठ्या पटावरचे प्रत्येक घर थोडे थोडे खोटे बोलत असेल, तर संगणक कितीही वेगाने चालो, तो खोट्याचीच बेरीज वेगाने करील. कीव्हचे विक्तोर ग्लुश्कोव यांनी १९६० च्या दशकात साऱ्या देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी संगणकांचे जाळे आखले होते. खर्च आणि खात्याखात्यांतला संशय यांत ते अडकले. आपले आकडे दुसऱ्याच्या यंत्रात उघडे पडावेत, अशी कोणत्या मंत्रालयाची इच्छा असणार?

नोवोचेर्कास्क, १९६२

उरलेले दुसरे कारण मला अधिक मूलभूत वाटते. ते समजण्यासाठी पुन्हा अन्नाच्या भावाकडे यावे लागते.

१९६० च्या सुमारास सोव्हिएत सरकारला आपल्या हिशेबातली चूक चांगली ठाऊक होती. शेतकऱ्याला मांसासाठी दिला जाणारा भाव त्याच्या खर्चापेक्षा कमी होता, म्हणून जनावरे पाळण्यात कोणाला रस नव्हता आणि दुकाने रिकामी होती. उपाय कळायला नोबेल विजेत्याची गरज नव्हती: शेतकऱ्याचा भाव वाढवायचा आणि दुकानातलाही. १ जून १९६२ रोजी सरकारने तो केला. मांस सरासरी ३० टक्क्यांनी आणि लोणी २५ टक्क्यांनी महागले.

दक्षिण रशियातील नोवोचेर्कास्क या गावी विजेच्या रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता. तेथे त्याच सुमारास कामाचे मापदंड वाढवल्यामुळे कामगारांची कमाई घटली होती. त्यावर ही भाववाढ आली. कामगार बाहेर पडले, रेल्वे अडवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी हजारोंचा मोर्चा लाल झेंडे व लेनिन यांची चित्रे घेऊन गावातल्या पक्ष कार्यालयावर गेला. सैन्याने गोळ्या झाडल्या. २६ माणसे मेली. पुढे खटले चालवून सात जणांना मृत्युदंड दिला. मृतांना दूरदूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या घटनेचा जाहीर उच्चार झाला नाही.

त्यानंतर सरकारने धडा घेतला. सरकारी दुकानातील मांसाचा भाव १९६२ पासून एप्रिल १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, वाढवला नाही. शेतकऱ्याला द्यायचा भाव वाढत गेला आणि मधला फरक तिजोरी भरत राहिली. पगार वाढले, मांस तेवढ्याच भावाचे राहिले आणि दुकानातून दिसेनासे झाले. पाटीवर भाव होता, हुकावर मांस नव्हते.

या घटनेकडे मी असा पाहतो. बाजारात कांदा महागला की माणूस चिडतो, सरकारला दूषणे देतो. पण तो भाव अमुक माणसाने ठरवला असे बोट दाखवता येत नाही. बाजारभावाला कर्ता नसतो. ही त्याची नीतिमत्ता नव्हे, पण ही त्याची सोय आहे. नियोजित अर्थव्यवस्थेत प्रत्येक भावाखाली सही असते. भाव वाढणे म्हणजे कोणीतरी तो वाढवणे. त्यामुळे पावाचा भाव हा धान्याच्या टंचाईचा अहवाल न राहता राज्याने प्रजेला दिलेला शब्द होतो. अहवाल रोज बदलला तरी चालतो; शब्द बदलला तर रस्त्यावर माणसे येतात. कांतोरोविच यांचे गणित नियोजनकर्त्याला खरी किंमत सांगू शकत होते. ती नियोजनकर्त्याने लोकांना कशी सांगायची, याचे उत्तर त्या गणितात नव्हते. वर निवडणूक नाही, वृत्तपत्र नाही, कामगाराची खरी संघटना नाही. मग भाव का वाढवावा लागतो यावर बोलणे होणार कुठे? ते बोलणे नोवोचेर्कास्कच्या चौकात बंदुकीने झाले.

न बोललेली किंमत मात्र नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या रूपाने वसूल होते. रांगेत उभे राहण्याच्या तासांत, वशिल्यात, दुकानदाराने मागच्या दाराने दिलेल्या पुडक्यात. हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये तुटवड्याचे अर्थशास्त्र मांडले ते या अनुभवावर. तोट्यातल्या कारखान्याला सरकार बुडू देत नाही, म्हणून कोणाचीही मागणी आटोक्यात राहत नाही आणि तुटवडा हाच नियम होतो.

दुसरी बाजू

एवढे वाचून बाजारभाव म्हणजे निखळ सत्य, असे कोणी समजू नये. १९४३ च्या बंगालमध्ये तांदळाचा भाव मुक्तपणे चढला. शेतमजूर, मासेमार, कारागीर यांची मजुरी त्या प्रमाणात चढली नाही. वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की ज्यांच्या हातात विकत घेण्याची ताकद नव्हती त्यांची भूक बाजारात पोचलीच नाही. किंमत टंचाईची बातमी देते, पण ती बातमी फक्त पैशाच्या भाषेत ऐकते. कोळसा पुढच्या पिढीसाठी राखायचा की आजच्या माणसांवरचा भार हलका करायचा, हे एका आकड्यात मोजता येत नाही, हा नॉयराथ यांचा आग्रह आज पर्यावरणाच्या प्रश्नात पुन्हा ऐकू येतो. कर्ता नसलेल्या किमतीला जाबही विचारता येत नाही. हा तिच्या सोयीचाच उलटा चेहरा.

सही असलेला भाव काय करतो, याचा धडा महाराष्ट्राच्या कापूस उत्पादकालाही मिळालेला आहे. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, असे ठरले. व्यापाऱ्याच्या लुटीतून त्याला सोडवणे हा हेतू खरा होता, आणि हमीभावाने अनेकांना आधारही दिला. पण भाव मुंबईत जाहीर होऊ लागला, तशी त्याला राजकारणाची कळा आली. बाहेर भाव जास्त असला की विदर्भ-मराठवाड्यातून गाड्या रात्री राज्याची सीमा ओलांडत. इथला भाव जास्त असला की शेजारच्या राज्यांतला कापूस आत येई. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली या बंधनाविरुद्ध आवाज उठवला. तोटा साचत गेला आणि विसाव्या शतकाबरोबर योजनेचा जीव संपत आला. सोव्हिएत संघाशी याची बरोबरी होत नाही. आपल्याकडे आंदोलन करता येत होते, सीमेपलीकडे दुसरा भाव होता. पण गाईपुढे पाव टाकणारा रशियन शेतकरी आणि रात्री गाडी जुंपणारा विदर्भातला शेतकरी हे एकच कागद वाचत होते.

आज संगणक लांगे यांच्या कल्पनेपलीकडे गेले आहेत. मोठमोठ्या कंपन्या आपल्या पोटात लाखो वस्तूंची वाटणी कोणत्याही अंतर्गत बाजाराविना, गणिताने करतात, आणि तेव्हा समाजवादी नियोजन आता शक्य आहे असा आशावाद पुन्हा डोके वर काढतो. आकडेमोडीपुरता तो रास्त आहे. या कंपन्या बाहेरचे बाजारभाव वापरून आतले हिशेब करतात, ही त्यावरची एक हरकत. तिच्याहून मोठी हरकत मला ही वाटते की खालच्या माणसाने खरा आकडा का कळवावा आणि वरच्या माणसाने खरी किंमत का सांगावी, हे दोन प्रश्न यंत्राने सुटणारे नाहीत. ते सत्तेचे प्रश्न आहेत. ज्या समाजाला किंमत योजनेने ठरवायची आहे, त्याला ती जाहीर करणाऱ्याला सुरक्षितपणे ‘का?’ विचारता आले पाहिजे आणि उत्तर पटले नाही तर त्याला बदलताही आले पाहिजे. सोव्हिएत संघाने गणिती घडवला, त्याला पारितोषिके दिली. विचारण्याची ही जागा मात्र ठेवली नाही. पुढे कधी कोणी हा प्रयोग नव्याने करायला निघाले, तर संगणकाची क्षमता विचारण्याआधी त्यांना या जागेबद्दल विचारावे, असे मी सुचवीन.